तिच्या नावानं

धुलाईखान्यात खऱ्या नावानं कुणी कुणाला हाक मारत नसे. यंत्रांच्या घरघरीत लांब नावं पोचत नाहीत, म्हणून ज्याला त्याला एक आखूड, टोचणारं नाव मिळालेलं. ही उंच, काटकुळी, लांब हातांची, म्हणून शिडी. तिच्या समोर उभी राहणारी बुटकी, भरल्या अंगाची आणि तोंड उघडलं की समोरच्याचे तुकडे पाडणारी, म्हणून कात्री. शेजारच्या इस्पितळातून येणाऱ्या चादरींच्या घड्या दोघी मिळून घालत. शिडी ही कात्रीची नणंद. आणि दोघींत विस्तव जात नव्हता.

मोठ्या चादरीची घडी एकटीला घालता येत नाही. इस्त्रीच्या रोलरमधून ती गरमागरम बाहेर आली की दोघींनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकून ताण द्यायचा, एकदम झटका मारायचा, मग कोपऱ्याला कोपरा जुळवून एकमेकींकडे चालत यायचं. एकीनं दुसरीच्या हातातली टोकं घ्यायची, दुसरीनं वाकून खालची लोंबती कड उचलायची, पुन्हा मागे. दिवसभर असं जवळ यायचं आणि लांब जायचं. बोटं बोटांना लागायची. जिचं तोंड पाहू नये असं वाटतं, तिच्या तोंडापासून वीतभर अंतरावर जाऊन उभं राहायचं, आणि मान वळवायची सोय नाही, कारण मान वळली की कड तिरकी जाते.

शिडीचा थोरला भाऊ, तिचा दादा, याच धुलाईखान्यात बॉयलर सांभाळायचा. पोटाच्या दुखण्यानं तो शेजारच्याच इस्पितळात दाखल झाला, तेव्हा शिडी रोज काम सुटल्यावर तिथे जायची. उशाशी उभी राहून मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, नर्सला सूचना द्यायची, वहिनीनं पेज कशी भरवावी तेही सांगायची. एकदा खाटेच्या दोन बाजूंना उभ्या राहून दोघी इतक्या भांडल्या की दादानं तोंडावर चादर ओढून घेतली. त्यानंतर काही दिवसांनी, एका दुपारी, डॉक्टरांनी वहिनीला सांगितलं की घरच्यांना बोलवून घ्या. तिनं आपल्या आईला बोलावलं, भावाला बोलावलं. नणंदेला निरोप धाडला नाही. नणंद भिंतीपलीकडे होती. टेबलावर ठेवलेला चहा गार व्हायच्या आत चालत पोचली असती. पाळी संपताना मुकादमानं तिला बाजूला घेऊन दादा गेल्याचं सांगितलं, तेव्हा तिच्या हातात त्याच इस्पितळाची चादर होती.

दफनाच्या दिवशी दोघी खड्ड्याच्या दोन बाजूंना उभ्या राहिल्या आणि तिथून आपापल्या वाटेनं गेल्या. पुढे मालकांनी विधवेला सहानुभूती म्हणून कामावर घेतलं. शिडीची जुनी जोडीदारीण गुडघ्यांपायी काम सोडून गेली होती. मुकादमानं विचार केला, घरचीच माणसं आहेत, जुळवून घेतील. असले विचार करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

कात्री काम लवकर शिकली. ती सगळ्यांना अरेतुरे करायची, मुकादमालासुद्धा त्याच्या माघारी. नणंदेला मात्र 'तुम्ही' म्हणायची. 'नणंदबाई, कोपरा धरा.' 'नणंदबाई, तुमची बाजू खाली जातेय.' गरम भांडं चिमट्यानं धरावं तसं ते 'तुम्ही' होतं.  शिडी दातओठ खाऊन चादर ताणायची.

शिडी दर रविवारी चर्चला जायची, पण ते सवयीनं, नळाला पाणी आलं की हंडा घेऊन जावं तसं. त्या वर्षी चर्चची उपासना चालवायला नव्या पाळकबाई आल्या. ठेंगण्या, एका कानानं कमी ऐकणाऱ्या आणि गोड बोलणं अजिबात न जमणाऱ्या. ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होण्याआधी त्यांनी काही जणांना चर्चच्या मागच्या खोलीत बोलावलं आणि सांगितलं की प्रार्थना, उपवास, शांत बसणं, आजाऱ्याला भेटणं, क्षमा करणं ही अंगावर घालायची आभूषणं नाहीत. हे काम आहे. मन लागो न लागो, रोज करायचं आणि नीट करायचं. "अर्धवट करायचं असेल तर त्यापेक्षा झोप काढा," त्या म्हणाल्या, "निदान अंगाला विश्रांती मिळेल."

हे शिडीला पटलं. बोटभर चुकलेली घडी पुन्हा उलगडणारी बाई ती. देवाबद्दल इतकी वर्षं तिनं जे ऐकलं ते सगळं हवेतलं होतं; हातानं करायच्या कामासारखं कुणी पहिल्यांदा सांगत होतं.

ती पूर्ण ताकदीनं कामाला लागली. उजाडायच्या आधी उठायची, मोबाइल पिठाच्या डब्यात टाकायची, एक स्तोत्र सावकाश वाचायची आणि गुडघे ठणकेपर्यंत गप्प बसायची. शुक्रवारी उपास, दुपारचा डबा फाटकावरच्या पहारेकऱ्याला. शनिवारी जुन्या जोडीदारणीकडे जाऊन तिच्या गुडघ्यांना तेल लावायचं, आणि तिचं तेच ते रडगाणं घड्याळाकडे न बघता ऐकायचं. कुणाच्या पाठीमागे कुणाबद्दल बोलायचं नाही हेही ठरवलेलं. याचा परिणाम असा झाला की दुपारच्या सुट्टीत तिच्यापाशी बोलायला विषयच उरेना. बायका हसायला लागल्या. शिडी आता थेट वरच लावायची म्हणतेय, असं एकीनं म्हटलं, आणि तो विनोद आठवडाभर पुरला.

हे सगळं तिला जमलं. एकच जमेना. पाळकबाईंनी सांगितलं होतं, ज्यानं तुमचं वाईट केलं त्याच्यासाठी रोज प्रार्थना करा. मोघम नाही. नाव घेऊन, आणि भलं मागून.

शिडी रोज पहाटे वहिनीचं नाव घ्यायची. नाव तोंडातून बाहेर पडलं की तळपायाची आग मस्तकात जायची. देवा, तिला सद्बुद्धी दे. देवा, तिनं काय केलं ते तिला कळू दे. देवा, तिचं ते कडू तोंड बदल. म्हणता म्हणता इस्पितळाची खोली डोळ्यांपुढे उभी राहायची, खाटेभोवती वहिनीची आई, वहिनीचा भाऊ, आणि आपण तिथे नाही. डोळे उघडायची तेव्हा हातांच्या मुठी झालेल्या असत.

ती पाळकबाईंकडे गेली आणि म्हणाली की याचा उपयोग नाही, उलट अपाय आहे. "आधी मी कामावर गेल्यावर तिचा राग करायचे. आता घरूनच सुरुवात करून जाते."

पाळकबाईंनी बरा कान पुढे केला आणि विचारलं, नेमकं काय मागता? शिडीनं सांगितलं. 

"ही प्रार्थना नाही," त्या म्हणाल्या, "ही तक्रार आहे. तुम्ही रोज सकाळी साहेबाकडे जाऊन तिची चुगली करताय. तिला स्वतःला जे हवंय ते तिच्यासाठी मागा."

"तिला काय हवंय ते मला काय ठाऊक?"

"मग माहिती काढा."

शिडीनं दुसऱ्याच दिवशी, चादर हातात असताना, सरळ विचारलं. "वहिनी, तुला काय हवंय?"

कात्री जागच्या जागी थांबली. कुणी खिशात हात घालावा तसं तिनं नणंदेकडे पाहिलं. मग म्हणाली की मला पुढची चादर हवीय, आणि तुम्ही ती जरा सरळ धरावी असं हवंय. त्यापुढे त्या दिवशी काही बोलणं झालं नाही.

इथपर्यंत निभावलं असतं. पण बुधवारच्या महिला प्रार्थनेत प्रत्येकीनं आपली अडचण सांगायची होती, आणि शिडीला खोटं सांगता येईना. पाठीमागे बोलायचं नाही हा नेम तिला आठवला, पण प्रार्थनेसाठी सांगणं म्हणजे बोलणं नव्हे, अशी तिनं मनाची समजूत घातली. तिनं वहिनीचं नाव सांगितलं, काय घडलं तेही सांगितलं, आणि रडली. बायकांनी हे प्रकरण फार प्रेमानं हातात घेतलं. त्यातली एक इस्पितळात झाडलोट करायची आणि मळक्या चादरींची गाडी धुलाईखान्यात आणून सोडायची. एका सकाळी गाडी सोडताना तिनं कात्रीच्या खांद्यावर हात ठेवला आणि अतिशय मऊ आवाजात सांगितलं, आम्ही सगळ्या तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत.

कपडे बदलायच्या खोलीत एक लांब बाकडं आणि लोखंडी कपाटं होती. दुपारी शिडी आत गेली तेव्हा कात्री बाकड्यावर वाट बघत बसली होती. आणखी दोघीतिघी डबा खात होत्या. कात्रीनं आवाज चढवला नाही.

"मला काय झालंय, नणंदबाई?"

शिडीला लगेच कळलं. ती म्हणाली, "काही नाही, वहिनी. मी तुझं भलंच मागत होते."

"गावभर?"

कात्री बाकड्यावरून उठली.

"मी आजारी नाही. मी वाट चुकलेली नाही. माझं नाव घेऊन डोळे मिटणाऱ्या बायका मला नकोत. तुम्हाला उशाशी उभं राहायला माणूस लागतो. तुमचा दादा होता तोवर तो. आता तो नाही तर मी."

डबा खाणाऱ्यांचे घास हातात राहिले.  शिडीनं इतके दिवस न विचारलेलं विचारलं. "तू मला का नाही कळवलंस?"

"मुद्दाम नाही कळवलं. तुम्ही आला असतात तर त्याच्या डोक्याशी उभ्या राहून मोठमोठ्यानं प्रार्थना म्हटली असतीत. सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं असतं, त्यानंसुद्धा. तो शेवटचा तास तुमचा झाला असता. मला तो माझा हवा होता." तिनं रुमाल डोक्याला बांधला. "पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा नाही कळवणार."

भोंगा झाला. दोघी बाहेर आल्या आणि समोरासमोर उभ्या राहिल्या, कारण चादरी येत होत्या.

त्या दुपारी दोघींनी चादरींनी एकमेकींना ओढलं. झटका मारायच्या जागी शिडी हिसका द्यायची. कात्री पाय रोवून उलट हिसका द्यायची. रोलरवरची बाई ओरडली की चादरी फाडाल. कुणी ऐकलं नाही. शिडीच्या कानात एकच वाक्य घुमत होतं, मला तो माझा हवा होता. एक मोठी दुहेरी चादर आली. कात्रीनं मागे झुकून सगळा भार टाकून ताण दिला. आणि शिडीनं दोन्ही हातांची बोटं उघडली.

कात्री पाठीमागे गेली ती सरळ गाडीच्या लोखंडी कडेवर. मनगट खाली सापडलं. आवाज बारीक झाला, पण जवळच्यांनी ऐकला.

सगळे धावले. मुकादम आला. कात्री भिंतीला टेकून बसली होती, चेहरा पांढराफटक, आणि तिनं स्पष्ट सांगितलं, "तिनं मुद्दाम सोडली."

कुणाचाही विश्वास बसला नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. शिडी शुक्रवारी डबा वाटून टाकते, शिडी कुणाबद्दल वावगं बोलत नाही, शिडी पहाटे उठून देवापुढे बसते. आणि ही कात्री, जिच्या जिभेला हाड नाही. एकजण म्हणाली की बिचारी वेदनेत बोलतेय. मुकादम म्हणाला, चादर गरम असते, हात सुटतो, माझाही सुटलाय. तो शिडीकडे वळला आणि त्यानं विचारलंसुद्धा नाही. समजुतीनं मान हलवली.

शिडी आयुष्यात कधी इतकी सुरक्षित नव्हती. तिनं गप्प बसायचं होतं, इतकंच. गेले काही आठवडे तिनं गप्प बसायचा चांगला सराव केला होता.

"हात सुटला नाही," ती म्हणाली. "मी सोडली. ती पडावी म्हणून सोडली."

मुकादमानं तिला पुन्हा विचारलं, तिला शब्द बदलायला वाव मिळावा अशा बेतानं. तिनं तेच सांगितलं. मग त्याचा नाइलाज झाला. कात्रीला भिंतीपलीकडे नेलं, मनगट मोडलं होतं, प्लास्टर घातलं. शिडीला घरी पाठवलं आणि नंतर परत घेतलं ते खालच्या खोलीत, मळके कपडे निवडायला.

वरच्या मजल्यावर साबणाचा आणि वाफेचा वास असे. खाली जे येई ते माणसाच्या अंगातून निघालेलं असे. रक्ताच्या चादरी वेगळ्या, ओकारीच्या वेगळ्या, नुसत्या घामाच्या वेगळ्या. जाड हातमोजे, तोंडाला फडकं. चादरींच्या गुंडाळ्यांत कधी चमचा सापडे, कधी चष्मा, एकदा दातांची कवळी. वर बायकांनी तिला वाळीत टाकलं. जी शिडी स्वर्गाला लावली होती ती तळघरात उतरली, हा विनोद पहिल्यापेक्षा जास्त दिवस टिकला. बुधवारच्या प्रार्थनेतही तिला पाहून बायका चार हात लांब बसू लागल्या.

ती पाळकबाईंकडे गेली. त्यांनी तिला धीर दिला नाही. तुमच्या प्रार्थनेनं तिला काय मिळालं, असं त्यांनी विचारलं, आणि स्वतःच उत्तर दिलं, प्लास्टर. मग म्हणाल्या की वहिनी एकटी राहते ना, उजवा हात अडकलेला, मग भांडी कोण घासतं?

शिडीला जिवावर आलं. मळके कपडे निवडणं परवडलं, ते नको, असं तिला वाटलं. पण ती संध्याकाळी गेली.

वहिनी एका दुकानाच्या वर दोन खोल्यांत राहायची. शिडीनं दार वाजवलं. साखळी लावूनच दार उघडलं, फटीतून एक डोळा दिसला. शिडी म्हणाली की काम करायला आलेय.

"पुण्य कमवायला दुसरं घर बघा."

दार बंद. शिडी पायऱ्या उतरली. दाराशी बसून राहायचं तिच्या मनात आलं होतं, पण पाळकबाईंनी आधीच बजावलं होतं की दारात बसणं हीसुद्धा दादागिरीच असते. दुसऱ्या संध्याकाळी ती पुन्हा गेली, पुन्हा दार बंद. त्यानंतर कधीतरी, बऱ्याच खेपा झाल्यावर, साखळी निघाली. वहिनीचे केस जटा झाल्यासारखे दिसत होते, झग्याची बटणं चुकीच्या काजांत होती, आणि मोरीत भांड्यांचा ढीग.

"बोलायचं नाही," वहिनी म्हणाली. "प्रार्थना नाही. तोंड पाडायचं नाही. माफी मागायची नाही, मला ऐकायची नाही. काम करा आणि चालू लागा."

शिडीनं मान हलवली आणि बाह्या वर केल्या.

गप्प राहणं तिला घरी जमत होतं, कारण तिथे समोर कुणी नसायचं. इथे वहिनी खुर्चीवर बसून प्रत्येक हालचालीवर नजर ठेवायची. कपबशी तिथे नाही, इथे. फडकं नीट पिळा. एवढा साबण कशाला, धुलाईखान्यातून येतो का फुकट? शिडीच्या जिभेच्या टोकावर उत्तरं येत आणि ती गिळे.  पहाटे ती नाव घ्यायची आणि पुढे काय म्हणावं ते सुचेना, म्हणून नुसती बसायची. चुगली करायला तोंड नव्हतं. गाडीच्या कडेचा तो बारीक आवाज आठवायचा.

एका रविवारी वहिनीनं हुकूम सोडला की केस धुवा, डोकं खाजतंय. शिडीनं पाणी तापवलं, स्टूल मोरीपाशी ठेवलं. वहिनीनं डोकं मागे टाकलं आणि डोळे मिटले. शिडीनं तांब्यानं पाणी ओतलं, गुंता बोटांनी सोडवायला घेतला.

"हळू. केस आहेत, चादर नाही."

शिडीनं हात हलका केला. बराच वेळ नुसता पाण्याचा आवाज. कानामागे, मानेवर वहिनीचे केस पांढरे झाले होते, समोरून दिसत नव्हते. डोळे मिटलेलेच ठेवून वहिनी एकदम बोलली.

"तो झोपेतच गेला. तुम्ही आला असतात तरी त्याला कळलं नसतं."

शिडीचा हात थांबला. हे तिला बरं वाटावं म्हणून सांगितलं की आणखी एक ओरखडा काढावा म्हणून, तिला समजेना. तिला शंभर प्रश्न विचारायचे होते. काही बोलला का, कुणाचं नाव घेतलं का, हात कुणाच्या हातात होता. बोलायचं नाही असं ठरलं होतं. तिनं तांब्या भरला आणि पाणी ओतलं. त्या तासाबद्दल ती त्या दिवशी काही बोलली नाही, आणि पुढेही तिनं कधी विचारलं नाही. या सगळ्या काळात तिनं केलेली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती. तिच्याखेरीज ती कुणाला कळलीही नाही.

केस पुसून झाल्यावर वहिनी खिडकीशी बसली. खिडकीतून धुलाईखान्याची चिमणी दिसायची. टॉवेल खांद्यावर टाकून ती चिमणीकडे बघत म्हणाली, "काय हवंय, काय हवंय म्हणून मागे विचारत होतात ना? मला बॉयलर हवाय."

शिडीनं न राहवून तोंड उघडलं आणि मिटलं.

"तो घरी येऊन सगळं सांगायचा मला. दाब कुठे ठेवायचा, पाणी कमी झालं की पातळीची काच कशी दिसते, कुठल्या आवाजाला घाबरायचं. आत्ताचा तो आळशी माणूस धूर किती काळा सोडतो बघा. परवान्याची परीक्षा असते. हात मोकळा झाला की मी अर्ज करणार आहे. आणि यात तुम्ही पडायचं नाही."

बाईमाणूस आणि बॉयलर, हे शिडीच्या मनात आधी आलं. दादाची जागा हिला, हे त्यामागून. दोन्ही तिनं गिळलं आणि घरी गेली. पहाटे तिनं नाव घेतलं, आणि पहिल्यांदा तिच्यापाशी मागायला काहीतरी होतं. देवा, तिला बॉयलर मिळू दे. हे म्हणताना तिला स्वतःचंच हसू आलं. दुसऱ्या दिवशीही तेच मागितलं. मनापासून येत नव्हतं, तरी मागितलं. एखाद्या सकाळी जुना राग उसळून यायचा, तोंडात कडू व्हायचं, तेव्हा ती आधी बॉयलर मागून टाकायची आणि मग रागाकडे बघायची.

प्लास्टर निघालं. मनगट बारीक झालेलं, पण चालत होतं. त्या संध्याकाळी वहिनीनं दारातच सांगितलं की आता यायचं कारण नाही. शिडी बरं म्हणाली.  वहिनीनं दार लावलं. साखळी लावल्याचा आवाज आला.

कात्री कामावर परतली. मुकादमानं समेटाचा आव आणून सुचवलं की शिडीला खालून वर बोलवावं, पूर्वीसारखी जोडी होईल. कात्री म्हणाली, ती नको. शिडीनं हे खाली ऐकलं. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटून झाल्यावर ती पुन्हा चादरी निवडू लागली.

परीक्षा कात्री पहिल्या फटक्यात पास झाली. अर्ज मात्र मुकादमानं परत केला. बॉयलरची खोली बाईच्या जातीची जागा नाही, रात्रपाळी असते, लोक काय म्हणतील, असं तो जेवणाच्या सुट्टीत चारचौघांत हसत हसत सांगत होता. शिडी हात धुवायला वर आली होती. तिनं ते ऐकलं, आणि ओला हात घेऊन तशीच त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

तिनं त्याला विचारलं की परवाना खरा आहे की खोटा. तो खरा आहे म्हणाला. मग दाब वाढला की बॉयलर बाई कोण आणि पुरुष कोण ते बघतो का? धूर किती काळा येतोय ते सगळं गाव बघतंय, फक्त तुम्हालाच दिसत नाही का? तिचा आवाज यंत्रांच्या वर गेला. माझ्या दादानं शिकवलंय तिला, ती म्हणाली, आणि तिच्या लक्षात आलं की तिचे गाल ओले झालेत आणि मुठी वळल्यात, अगदी पहाटे वळायच्या तशाच. मुकादम बघतो म्हणाला. मुकादम नेहमीच बघतो म्हणायचा.

कपडे बदलायच्या खोलीत कात्री तिला आडवी आली.

"तुम्हाला वकीलपत्र कुणी दिलं?"

"कुणी नाही."

"मी सांगितलं होतं, पडायचं नाही यात."

"सांगितलं होतंस."

"मग?"

 राहवलं नाही, एवढंच शिडी म्हणाली.  कात्रीनं कपाट धाडकन लावलं आणि सांगितलं की वरच्या साहेबांकडे ती स्वतः जाणार आहे, स्वतःच्या पायांनी, आणि त्या दिवशी शिडी साहेबांच्या मजल्याच्या आसपास जरी दिसली तरी याद राखावी.

शिडीनं दिवस विचारून घेतला. चुकून वर जाऊ नये म्हणून.

पुढच्या रविवारी पाळकबाईंनी चर्चच्या दारात विचारलं, वहिनीत काही फरक पडला का. शिडी म्हणाली, नाही, काडीचाही नाही.

"आणि तुमच्यात?"

शिडीनं विचार केला. ती म्हणाली की तिच्याविरुद्ध सांगायचं म्हटलं तर आता लगेच आठवत नाही, थोडा वेळ लागतो. पाळकबाईंनी मान हलवली आणि त्या पुढच्या माणसाकडे वळल्या.

कात्री साहेबांकडे गेली त्या दिवशी शिडी तळघरात होती. सकाळपासून गाड्या येत होत्या, इस्पितळात कसली तरी साथ होती, आणि हातमोज्यांतून घाम गळत होता. वर काय चाललंय ते कळायला मार्ग नव्हता. तिनं एक चादर उलगडली, झटकली, डाग बघितला आणि योग्य त्या पिंपात टाकली. मग दुसरी घेतली. ओठांतल्या ओठांत ती वहिनीचं नाव घेत होती, आणि नावापुढे बॉयलर म्हणत होती.